भांग, विजया आणि सीबीडी : गर्भावस्थेतील सुरक्षिततेचा अर्थविचार

एकाच वनस्पतीला अनेक नावे असली, म्हणजे तिच्या गुणदोषांविषयीची लोकांची समजूतही नावागणिक बदलते. भांगेच्या झाडाबाबत हा प्रश्न केवळ शब्दार्थाचा राहत नाही; गर्भवती स्त्रीच्या बाबतीत तो आरोग्याचा होतो. प्रस्तुत लेखात त्याचाच विचार करावयाचा आहे.

‘भङ्गा’ हा शब्द अथर्ववेदात येतो. पाणिनीच्या एका सूत्रात तो तीळ, उडीद, जवस ह्या पिकांच्या पंक्तीत बसलेला आहे. आयुर्वेदीय निघंटूंत तिला ‘विजया’ हे गौरवाचे नाव मिळाले. मराठीत मात्र ‘भांगेत तुळस’ ह्या म्हणीत भांग हीनत्वाच्या बाजूस उभी आहे. व्यवहारात पाने ती भांग, फुलोरा तो गांजा आणि राळ तो चरस, असा भेद रूढ आहे. अमली पदार्थांविषयीच्या १९८५ च्या केंद्रीय कायद्यानेही तोच भेद स्वीकारला : फुलोऱ्याविना असलेली पाने व बिया त्याने ‘गांजा’ ह्या संज्ञेतून वगळल्या. त्यात अलीकडे ‘सीबीडी तेल’ ह्या नव्या नावाची भर पडली आहे.

परंतु कायद्याची व्याख्या आणि शरीराचा व्यवहार ह्या दोन भिन्न गोष्टी होत. मादकता आणणारे टीएचसी हे द्रव्य फुलोऱ्यात अधिक व पानांत कमी असते, इतकाच काय तो फरक. ते मेदात विरघळते, वारेतून गर्भाकडे जाते आणि मातेच्या दुधातही उतरते. २०१८ च्या एका अभ्यासात सेवनानंतर सुमारे सहा दिवसांपर्यंत ते दुधात आढळले. कॅनडातील ऑन्टॅरिओ प्रांतात सहा लाखांहून अधिक गर्भवतींच्या नोंदींचा अभ्यास २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. तंबाखूसारख्या इतर कारणांचा हिशेब करून तुलना केली असता, सेवन करणाऱ्यांत अकाली प्रसूतीचे प्रमाण सुमारे १० टक्के, तर न करणाऱ्यांत सुमारे ७ टक्के होते. अशा अभ्यासांतून संबंध दिसतो, कार्यकारणभाव निर्विवाद सिद्ध होत नाही, हे खरे. तथापि जन्मवजन कमी असण्याशीही असाच संबंध वारंवार दिसून आला आहे.

सीबीडी मादक नाही, म्हणून ते निर्धोक, हा तर्क टिकत नाही. गर्भवतींवरील त्याचा अभ्यास फारच तोकडा आहे, आणि मोठ्या मात्रेत दिलेल्या प्राण्यांत नर-गर्भाच्या जननसंस्थेवर अनिष्ट परिणाम दिसले. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१९ मध्ये सीबीडी व टीएचसी ह्या दोहोंविरुद्ध गर्भवतींना व स्तनदा मातांना सल्ला दिला तो ह्याच कारणास्तव. पुराव्याचा अभाव म्हणजे सुरक्षिततेचा पुरावा नव्हे.

आपल्याकडे ‘आयुर्वेदिक’, ‘वनस्पतिजन्य’, ‘नैसर्गिक’ ही विशेषणे अभयदानासारखी वाचली जातात. वास्तविक औषध-नियमांच्या विषारी द्रव्यांच्या यादीत बिया वगळून भांगेचा समावेश आहे, आणि तिच्यापासून केलेल्या पोटात घ्यावयाच्या औषधावर ‘वैद्यकीय देखरेखीखाली घ्यावे’ अशा अर्थाची सूचना इंग्रजी व हिंदीत छापणे बंधनकारक आहे. मराठी त्या नियमात नाही.

हिंगोलीसारख्या जिल्ह्यात, जेथे मराठीच्या जोडीला दखनी उर्दू व बंजारा बोली नांदतात, ह्या गोष्टीचे महत्त्व सहज ध्यानी येईल. प्रसूतिपूर्व तपासणीत “नशा करता का?” असे विचारले, तर झोपेसाठी विजयेची गोळी किंवा मळमळीसाठी एखादे तेल घेणारी स्त्री प्रामाणिकपणे “नाही” असेच म्हणेल, कारण तिच्या भाषेत ते औषध आहे, नशा नव्हे. उलट, “ताई, झोपेसाठी, मळमळीसाठी, अंगदुखीसाठी कोणते चूर्ण, गोळी, तेल घेता? सणाला भांग, थंडाई घेतली होती का?” असे विचारले, तर उत्तर बदलेल. प्रश्नात दोषारोप नसावा. पूर्वी घेतले असल्यास घाबरण्याचे कारण नाही. पुढे थांबावे व डॉक्टरांस सांगावे. वैद्याने लिहून दिलेले औषध असेल, तर गर्भारपणाची गोष्ट सांगून पर्याय विचारावा.

गर्भावस्थेत अशा पदार्थाची कोणतीही मात्रा सुरक्षित म्हणून निश्चित झालेली नाही. भाषेच्या अभ्यासकाकडे येथे एक लहान पण निकडीचे काम येते : दवाखान्यातील प्रश्नावलीत आणि वेष्टनावरील सूचनेत, ऐकणारीच्या बोलीतले नाव नेमके घालणे.