नकार, होकार आणि पार्श्वसंगीत

हिंदी चित्रपटातला रंगेल नायक प्रेक्षकांचा फार लाडका. 'दिलवाले दुल्हनिया ले जायेंगे' (१९९५) मधला राज आगगाडीत भेटलेल्या अनोळखी सिमरनच्या अंगचटीला येतो. ती वैतागते आणि प्रेक्षक हसतात. 'ये जवानी है दीवानी' (२०१३) मधला बनी दिसेल तिच्याशी सलगी करतो. अभ्यासू, चष्मा लावणारी नैना त्याला अखेर ताळ्यावर आणते. 'कबीर सिंग' (२०१९) मधला डॉक्टर तर पहिल्या वर्षाच्या मुलीला काही विचारतच नाही. ती आपली आहे, असे तो परस्पर वर्गात जाहीर करून टाकतो.

तिन्ही नायकांची तऱ्हा वेगळी, पण शिकवण एकच. मुलांना सांगितले जाते, की मुलीचा नकार ही होकाराची पहिली पायरी. मुलींना सांगितले जाते, की तू खरोखर वेगळी असशील तर तो तुझ्यासाठी सुधारेल. मधल्या काळात ज्या मुलींबरोबर नायक फिरला, त्या बहुधा गाणे संपले की पडद्यावरून नाहीशा होतात. 'बचना ऐ हसीनों' (२००८) मध्ये नायक जुन्या दोघींची माफी मागायला जातो आणि त्यातल्या एकीची जखम लग्नानंतरही भरलेली नाही, हे दिसते. असा प्रसंग विरळाच.

धडधड कशाची?

छाती धडधडणे, तळहातांना घाम येणे, तोंडाला कोरड पडणे ही प्रेमाची लक्षणे म्हणून पडद्यावर दिसतात. पण भीतीची लक्षणेही नेमकी हीच. दोन्ही वेळा शरीरात ॲड्रेनालिन वाढते. धडधडीचा अर्थ मेंदू बराचसा आजूबाजूच्या परिस्थितीवरून लावतो. १९७४ मध्ये कॅनडातल्या व्हँकुव्हरजवळ एका उंच, डुगडुगत्या झुलत्या पुलावर एका तरुणीने पुरुषांना प्रश्न विचारले आणि आपला फोन नंबर दिला. खालच्या भक्कम पुलावर भेटलेल्यांपेक्षा या पुलावरच्या पुरुषांनी तिला नंतर जास्त प्रमाणात फोन केले. भीतीची धडधड त्यांना आकर्षणाची वाटली असावी, असा अर्थ संशोधकांनी लावला.

चित्रपटात हा अर्थ लावायचे काम पार्श्वसंगीत करते. कुणी रोज बसथांब्यापासून घरापर्यंत मागे येतो, हे दृश्य व्हायोलिनच्या सुरात दाखवले की प्रणय वाटतो. तेच दृश्य आवाज बंद करून पाहिले तर ती मुलगी घाबरलेली दिसते.

त्यात आणखी एक भर पडते. ओळख नसलेले तरुण-तरुणी गप्पा मारत असताना पुरुष स्त्रीच्या साध्या मोकळेपणात लैंगिक ओढ पाहतात, असे १९८२ मधल्या एका अमेरिकी प्रयोगात आढळले. तीच संभाषणे ऐकणाऱ्या स्त्रियांना ती ओढ तेवढी दिसली नव्हती. म्हणजे 'ती हसली म्हणजे फसली' हा समज मुळातच चुकीच्या वाचनावर उभा आहे. शिवाय भीतीने माणूस थिजतो, त्याच्या तोंडून शब्द फुटत नाही. तेव्हा गप्प राहणे म्हणजे होकार नव्हे.

दोष फक्त सिनेमाचा?

मिशिगन विद्यापीठातल्या ज्युलिया लिपमन यांनी तरुणींना वेगवेगळे चित्रपट दाखवून अभ्यास केला. पिच्छा पुरवणारा माणूस भयंकर दाखवला होता, त्या चित्रपटांनंतर तरुणींनी असे वागणे कमी खपवून घेतले. तोच पिच्छा गोड करून दाखवला आणि प्रेक्षक त्यात रंगून गेली, तेव्हा मात्र तिचा कल उलटा, खपवून घेण्याकडे झुकला. २०१५ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या टास्मानियात एका भारतीय सुरक्षारक्षकावर दोन स्त्रियांचा पिच्छा पुरवल्याचा खटला चालला. हिंदी चित्रपट पाहून वाढलेल्या माणसाला असे मागे लागणे गैर वाटत नाही, असा बचाव त्याच्या वकिलाने केला. पाच वर्षे चांगल्या वर्तणुकीच्या अटीवर तो सुटला.

एखादा चित्रपट पाहून कुणी गुन्हेगार होत नाही. पण ज्याला नकार ऐकायचाच नाही, त्याला सबब मिळते आणि त्याच्या मित्रांना टाळ्या वाजवायला निमित्त. उल्हासनगरला १९९० मध्ये दहावीची विद्यार्थिनी परीक्षा केंद्रातच जाळली गेली. हिंगणघाटला २०२० मध्ये तरुण प्राध्यापिका भररस्त्यात. दोन्ही घटनांच्या मुळाशी न पचलेला नकार होता.

बहुतेक मुलींच्या वाट्याला इतके टोक येत नाही, पण त्रास येतो. झोप उडते, पोटात गोळा येतो, डोके दुखते, क्लासला जावेसे वाटत नाही. पाठलागामुळे चिंताविकार आणि नैराश्य जडू शकते. तरी मुलगी घरी बोलत नाही. कारण तिला माहीत असते, की मुलाला कुणी जाब विचारणार नाही, तिचेच कॉलेज बंद होईल किंवा स्थळे पाहायला सुरुवात होईल.

'तो सुधारेल' ही आशाही महागात पडते. कधी लाड, कधी दुर्लक्ष अशा अनिश्चित वागण्याची सवय सहजी सुटत नाही, हे मानसशास्त्रातले जुने निरीक्षण आहे. पिच्छा पुरवणाऱ्यालाही तेच लागू. एकोणीस फोन न उचलता विसावा उचलला, तर वीस फोन करावे लागतात एवढेच तो शिकतो.

काय करावे?

- नकार एकदाच, स्पष्ट शब्दांत द्यावा. 'सध्या अभ्यास आहे' असे म्हणू नये. त्यानंतर उत्तरच देऊ नये.
- मेसेज, कॉलची नोंद पुसून टाकू नये. भारतीय न्याय संहितेच्या कलम ७८ प्रमाणे स्त्रीने स्पष्ट नापसंती दाखवूनही वारंवार मागे लागणे, हा गुन्हा आहे. पहिल्या वेळी तीन वर्षांपर्यंत, पुन्हा केल्यास पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. मदतीसाठी १८१, तातडीच्या वेळी ११२.
- पालकांनी मुलीचे शिक्षण थांबवू नये. 'तू काय केलंस?' याऐवजी 'कधीपासून चाललंय?' असे विचारावे.
- नकार मिळालेल्या मुलाचे दुःख खरे असते. त्याची टिंगल करू नये आणि त्याला 'लगे रहो' असेही सांगू नये. झोप, जेवण बिघडले किंवा जिवाचे बरेवाईट करण्याचे विचार येऊ लागले, तर १४४१६ या टेलि-मानस क्रमांकावर विनामूल्य बोलता येते.

प्रेमपट पाहणे सोडायची गरज नाही. 'सैराट'मध्ये (२०१६) परश्या आर्चीकडे बघत राहतो, पण तो आपल्याला आवडतो हे आर्ची स्वतःच्या तोंडाने सांगते. घरात सगळे मिळून चित्रपट पाहताना मुलांना एवढेच विचारावे : तिला कुणी विचारलं का? आणि ती काय म्हणाली?