पोलिसाचा बिल्ला आणि कपड्याखालचं पिस्तूल

अमेरिकेत एकदा पिस्तुलाचा परवाना काढला की तो पन्नासही राज्यांत चालतो, असं पुष्कळांना वाटतं. तो तसा चालत नाही. कपड्याखाली पिस्तूल बाळगण्याचे नियम ज्याच्या त्या राज्याचे असतात आणि शेजारच्या राज्याचा परवाना मानायचा की नाही, हेही तेच राज्य ठरवतं. व्हर्मॉन्टमध्ये असा परवाना कधी लागलाच नाही. टेक्सासने 2021 मध्ये त्याची सक्ती उठवली. इलिनॉयने मात्र 2013 पर्यंत सामान्य नागरिकाला ही मुभाच दिली नव्हती.

त्याच वर्षी फिलाडेल्फियाची एक महिला पेनसिल्व्हेनियाचा वैध परवाना घेऊन न्यू जर्सीत आली. वाहतुकीच्या किरकोळ कारणावरून पोलिसाने गाडी थांबवली, तेव्हा जवळ पिस्तूल असल्याचं तिने स्वतःहून सांगितलं. तिथेच अटक झाली, सक्तीच्या कैदेची टांगती तलवार आली. अखेर 2015 मध्ये गव्हर्नरांनी तिला माफी दिली. प्रामाणिकपणे बोलणाऱ्या बाईवर ही वेळ यावी, हे मला आजही खटकतं.

2022 च्या ब्रुएन निकालाने परवानेच रद्द झाले, हा दुसरा गैरसमज. ‘तुम्हाला विशेष गरज आहे हे सिद्ध करा’ ही न्यू यॉर्कची जुनी अट तेवढी सर्वोच्च न्यायालयाने काढली. पार्श्वभूमीची तपासणी, प्रशिक्षण आणि परवाना यांना त्याने हरकत घेतली नाही.

सगळ्यात मोठा घोळ पोलिसांबाबत आहे. 2004 च्या केंद्रीय कायद्याने पात्र पोलिसाला, ड्युटीवर नसतानाही, कोणत्याही राज्यात पिस्तूल लपवून बाळगता येतं. राज्याचा परवाना लागत नाही. निवृत्तांनाही ही सवलत आहे, पण किमान दहा वर्षांची सेवा हवी आणि दरवर्षी नेमबाजीची चाचणी द्यावी लागते. दोघांनाही खात्याचं छायाचित्र असलेलं ओळखपत्र जवळ ठेवावं लागतं. दारूच्या अंमलाखाली ही सूट उरत नाही. खासगी जागेच्या मालकाला किंवा सरकारी इमारतीला बंदी घालू देणारे राज्याचे कायदेही तसेच लागू राहतात. विमानात नुसता बिल्ला दाखवून पिस्तूल नेता येत नाही. आणि मुख्य म्हणजे परराज्यात अटक करण्याचा अधिकार या कायद्याने मिळत नाही. मिळते ती फक्त बाळगण्याची मुभा.

साध्या कपड्यातला पोलीस सहकाऱ्यांना ओळखू येतोच, हे तर जिवावर बेतणारं गृहीतक. 2009 मध्ये न्यू यॉर्कच्या ईस्ट हार्लेममध्ये ड्युटी संपवून निघालेला एक तरुण कृष्णवर्णीय पोलीस, आपली गाडी फोडणाऱ्याच्या मागे पिस्तूल हातात घेऊन धावला. समोरून आलेल्या पोलिसांपैकी एकाने त्याला गुन्हेगार समजून गोळ्या घातल्या आणि तो दगावला. अशा घटनांमध्ये नकळत वंशभेदही काम करतो, असं राज्याच्या समितीने पुढच्या वर्षी नोंदवलं. प्रशिक्षणात हा विषय अग्रभागी असायलाच हवा.

आपल्या मंडळींसाठी एक बाब वेगळी सांगायला हवी. एच-वन-बीसारख्या तात्पुरत्या व्हिसावर असणाऱ्यांना केंद्रीय कायद्यानुसार सर्वसाधारणपणे बंदूक बाळगताच येत नाही. शिकारीचा वैध परवाना असणं असे मोजकेच अपवाद आहेत. राज्याने परवान्याची अट काढली, तरी ही बंदी कायम राहते. ग्रीन कार्ड असणाऱ्यांना ती नाही.