पाटीला हात

पहाटेचे पाच वाजलेत. झारखंडमधल्या झरियात अजून उजाडलेलं नाही. जमिनीच्या भेगांतून धूर वर येतोय, चपलेतूनही धग लागते. इथल्या कोळशाच्या थरांतली आग पहिल्यांदा दिसली 1916 मध्ये. अजून विझलेली नाही.

उघड्या खाणीच्या काठावर बायका उकिडव्या बसल्यात. डोक्यावर चुंबळ, शेजारी रिकामी पाटी. डंपरची वाट बघतायत. तास उलटतो. बोलत कुणीच नाही, खोकतात मात्र सगळ्याच.

डंपर घरघरत येतो, दगडमाती ओततो. धुरळा खाली बसायच्या आत बायका उतारावर घसरत पोचतात. अंधारात दगड आणि कोळसा सारखेच काळे. पण हात चुकत नाही. हाताला हलका लागला की तो कोळसा. बारा-तेरा वर्षांची एक पोर ओढणीत तुकडे गोळा करतेय. ही तिची शाळेला निघायची वेळ.

चढण सुरू होते. पुढे चालणारी म्हातारी बोलता बोलता सांगते, तिची सासू लढाईच्या वर्षांत खाली बोगद्यात उतरायची. नवरा कोळसा तोडी, ती पाटीपाटीने वाहून डबे भरी. अशा बाईला इथे ‘कामीन’ म्हणतात. खरं तर 1929 च्या नियमांनी बायकांना टप्प्याटप्प्याने भूमिगत कामातून काढलं होतं, 1937 पर्यंत पुरतं. मग युद्धाला कोळसा कमी पडला. 1943 मध्ये बंदी उठली, 1946 मध्ये पुन्हा आली. बायकांची गरज कोणाला होती, हे या तारखाच सांगतात. 2019 मध्ये तांत्रिक, देखरेखीच्या आणि व्यवस्थापनाच्या जागांवर बायकांना खाली उतरायची मुभा मिळाली. पाटीवालीची त्यात गणतीच नव्हती.

वस्तीत अंगणाअंगणात कोळशाचे ढीग धुमसतायत. जाळून धूर काढलेला हा कोळसा चुलीसाठी विकला जातो. एक बाई ढिगावर पाणी मारते. चर्र आवाज, पांढरी वाफ, डोळ्यांत पाणी. ती पदराने तोंड पुसते. पदर काळा, तोंडही.

मी परत काठावर येतो. ऊन चढलंय. भरलेली पाटी एकटीला उचलवत नाही. एकीला दुसरी हात लावते, दुसरीला तिसरी. शेवटी एकच बाई उरलीय, भरल्या पाटीपाशी उभी. ती माझ्याकडे बघते. मी वाकून पाटीची कड धरतो. पाटी डोक्यावर जाताना तिची मान थरथरते, मग स्थिर होते.

ती चालू लागते.