मोडीत दडलेली वीज

मुंबई-आग्रा महामार्गाने धुळ्याहून शिरपूरकडे निघाले की वीसेक किलोमीटरवर एक किल्ला दिसू लागतो. त्याच्या पायथ्याचे गाव सोनगीर. किल्ला पाहायला थांबणारे थोडे. तांब्या-पितळेच्या भांड्यांसाठी थांबणारे जास्त. हंडा, घागर, तपेली, समई यांसाठी खानदेशात या गावाचे नाव घेतले जाते.

अशा बाजारात नवी घागर घ्यायला आलेले गिऱ्हाईक अनेकदा पिशवीत जुनी, पोचे आलेली भांडी घेऊन येते. काट्यावर मोड तोलली जाते, तिची रक्कम नव्या भांड्याच्या किमतीतून वळती होते आणि हिशेब मिटतो. घासाघीस होते ती मोडीच्या भावावर. या व्यवहारात वीज आणि कोळसाही वाचतो, हे मात्र पावतीवर कुठेच दिसत नाही.

तांब्याच्या खनिजात प्रत्यक्ष तांबे बहुतेक वेळा एक टक्क्याच्याही खाली असते. म्हणजे किलोभर तांब्यासाठी शंभर किलोहून जास्त खडक फोडायचा, दळायचा, त्यातला धातू वेगळा काढायचा, वितळवायचा आणि शेवटी विजेने शुद्ध करायचा. मोडीला यातले बहुतेक टप्पे लागत नाहीत. त्यामुळे मोडीपासून तांबे मिळवायला खनिजाच्या तुलनेत ८५ टक्क्यांपर्यंत कमी ऊर्जा पुरते. पर्यावरण हा शब्द शाळेच्या पुस्तकात येण्याच्या कितीतरी आधीपासून तांबट हे करत आले आहेत.

पुढचा हिशेब भट्टीचा, आणि तो इतका सुखाचा नाही.

तांबे १,०८५ अंश सेल्सिअसला वितळते. किलोभर तांबे तिथवर तापवून पातळ करायला साधारण ६५० किलोज्यूल, म्हणजे विजेच्या एका युनिटचा पाचवा भागसुद्धा लागत नाही. साध्या प्रतीच्या एक किलो दगडी कोळशात सुमारे २०,००० किलोज्यूल उष्णता असते. कागदावर तेवढ्या कोळशात तीस किलो तांबे वितळायला हवे. मुशीच्या साध्या भट्टीत या आकड्याच्या जवळपासही पोहोचता येत नाही. बहुतेक उष्णता धुराड्यातून निघून जाते, काही भिंती पितात, काही उघड्या तोंडातून बाहेर पडते.

तोंडाचे गणित चकित करणारे आहे. तापलेली वस्तू प्रारणाने जी उष्णता फेकते, ती निरपेक्ष तापमानाच्या चौथ्या घाताने वाढते. हजार अंशांवरच्या भट्टीचे वीतभर लांब-रुंद तोंड उघडे राहिले, तर तिथून सुमारे सहा किलोवॅट उष्णता वाहते. दोन हजार वॅटचे तीन गिझर एकदम चालू ठेवल्यासारखेच हे! त्यावर उपाय म्हणजे घट्ट बसणारे एक झाकण आणि भिंतीला आतून उष्णतारोधक हलक्या विटा.

धुराड्यातली उष्णता परत मिळवण्याचे उदाहरण फिरोजाबादचे आहे. ताजमहालाला धुराचा त्रास होतो म्हणून ३० डिसेंबर १९९६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्या पट्ट्यातल्या उद्योगांना कोळसा सोडायला सांगितले. त्यानंतर 'टेरी' या संस्थेने तिथल्या काचकामगारांसाठी गॅसची भट्टी तयार केली. बाहेर जाणाऱ्या गरम वायूंनीच तिच्यात आत येणारी हवा तापवली जाते. भात्याची किंवा ब्लोअरची हवा थंड असेल तर इंधनाचा एक वाटा तिलाच तापवण्यात जातो. आधीच तापलेली हवा मिळाली की तो वाटा वाचतो. हे तत्त्व काचेला लागू तसेच पितळेलाही.

पितळेत आणखी एक गोम आहे. त्यातले जस्त ९०७ अंशांना उकळते आणि पितळ वितळते तेही त्याच सुमारास. भट्टी गरजेपेक्षा जास्त तापली की जस्त उडून जाते आणि पांढरा धूर दिसतो. हा धूर छातीत गेला तर कारागिराला थंडी वाजून ताप भरतो. थर्मोकपलने तापमान मोजले तर इंधन, जस्त आणि फुप्फुसे तिन्ही वाचतात.

ठोकाठोकीतही उष्णता लागते. हातोड्याखाली तांब्याचा पत्रा कडक होत जातो. तडा जाऊ नये म्हणून तो पुन्हा लालसर तापवून मऊ करावा लागतो. प्रत्येक वेळी थंड भट्टी पेटवली तर पत्र्याआधी भिंती तापतात. चार दिवसांचे काम साठवून सलग तापवले तर भिंतींचा खर्च एकदाच होतो. यासाठी पैसे लागत नाहीत, फक्त कामाची जुळणी लागते.

महामार्गावरचे ढाबे, पिठाच्या गिरण्या आणि कापड दुकाने यांची गोष्ट थोडक्यात सांगण्यासारखी आहे. जुना पंखा ७५ वॅट घेतो, बीएलडीसी पंखा २८ ते ३०. रोज बारा तास आणि वर्षाला तीनशे दिवस धरले तर एका पंख्यामागे १६० ते १७० युनिट वाचतात. ढाब्यावर असे सहा पंखे असले तर वर्षाला हजारभर युनिट.

धुळे जिल्ह्याला उन्हाची कमतरता नाही. साक्री तालुक्यात शिवाजीनगर येथे महानिर्मितीचा १२५ मेगावॅटचा सौर प्रकल्प आहे. छपरावरचे एक किलोवॅटचे पॅनेल वर्षभराच्या सरासरीने दिवसाला चारेक युनिट देते. भांड्यांना पॉलिश करणाऱ्या मोटारी दिवसाच चालत असल्याने या विजेला बॅटरीत साठवायची फारशी गरज उरत नाही. पण मे महिन्यातल्या कडक उन्हाबद्दल एक गैरसमज आहे. पॅनेलला प्रकाश हवा असतो, उष्णता नको असते. पंचवीस अंशांच्या वर दर अंशाला त्याची क्षमता सुमारे ०.४ टक्क्याने घटते. पॅनेल ६५ अंशांवर गेले तर सोळा टक्के वीज तिथेच कमी होते. म्हणून पत्रा आणि पॅनेल यांच्यात वारा खेळायला जागा सोडायची आणि धूळ पहाटे, काच थंड असताना धुवायची.

सुरुवात करायला मात्र पॅनेलही लागत नाही, एक वही पुरते. रोज किती कोळसा आत गेला आणि किती किलो धातू बाहेर आला, एवढे दोनच रकाने. महिनाभराने एका आकड्याला दुसऱ्याने भागले की झाकण बसवण्याआधीची आणि नंतरची भट्टी समोरासमोर उभ्या राहतात. मोडीसाठी ठेवलेला काटा त्याच कामाला येतो.