बैठकीतला समुद्र आणि रोजचं पंधरा लिटर पाणी

(सामुदायिक रेडिओवर झालेलं भाषण)

आज बोलायचं आहे खाऱ्या पाण्याच्या मत्स्यपेटीविषयी, म्हणजे तिचं पाणी यंत्रानं कसं बदलायचं याविषयी. माळशिरसला बसून हा विषय कशाला, असं तुम्हाला वाटेल. पण आता आपल्याकडे बंगल्यांत, दवाखान्यांत, मंगल कार्यालयांत मोठाल्या पेट्या दिसायला लागल्यात. हौस घरातल्या मुलाची नाहीतर मालकांची असते आणि बादल्या बहुतेक वेळा बाईच्या हाताला येतात. माझ्या आल्या, म्हणून बोलते.

आमची पेटी सहा फूट लांब, अडीच फूट रुंद, अडीच फूट उंच. खालच्या कपाटातली गाळणीची टाकी धरून पाणी हजार लिटर. म्हणजे टनाच्या वर वजन. आत केशरी-पांढरे क्लाऊन मासे, गोगलगायी आणि बिलासकट घेतलेली मऊ प्रवाळं. बिलासकट हे मुद्दाम सांगते. आपल्या समुद्रातली दगडी प्रवाळं २००१ पासून वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, म्हणजे कायद्याच्या लेखी त्यांना वाघाइतकंच संरक्षण आहे. मालवणला प्रवाळ आहे आणि १९८७ पासून तिथं सागरी अभयारण्य आहे. सहलीला गेल्यावर तिथला जिवंत तुकडा पिशवीत घालून आणणं हा गुन्हा आहे. क्लाऊन मासा मात्र समुद्रातून न पकडता टाकीत पैदास केलेला मिळतो. लक्षद्वीपच्या आगत्ती बेटावर तर तिथल्या बायकांनाच शोभेची कोळंबी आणि हे मासे वाढवायला शिकवलं आहे.

पाणी बदलायचं कशाला? मासे खातात, घाण करतात. त्या घाणीचं जिवाणू शेवटी नायट्रेट करतात आणि ते साठत जातं. शिवाय प्रवाळ पाण्यातलं कॅल्शियम आणि इतर क्षार थोडे थोडे वापरत राहतं. समुद्रात ही अडचण येत नाही. दिवसातून दोनदा भरती-ओहोटी होते आणि पाणी आपोआप बदलतं. मुंबईचं तारापोरवाला मत्स्यालय १९५१ साली सुरू झालं, तेही मरीन ड्राइव्हवर, समुद्राच्या कडेलाच. आपल्याला समुद्राचं पाणी घरात तयार करावं लागतं.

ते करायचं असं. आरओचं शुद्ध पाणी पिंपात घ्यायचं, पंपानं घुसळत ठेवायचं आणि त्यात मत्स्यपेटीसाठी मिळणारं समुद्री मीठ सोडायचं. लिटरला ३५ ग्रॅमचा हिशेब धरा, पाकिटावर थोडं जास्त सांगितलं असेल तर तसं घ्या. आधी पाणी, मग मीठ. मिठावर पाणी ओतलं तर कॅल्शियम चुन्यासारखं खाली बसतं आणि वाया जातं. स्वयंपाकाचं मीठ चालत नाही, कारण ते जवळजवळ नुसतं सोडियम क्लोराइड असतं. समुद्राच्या पाण्यात मॅग्नेशियम, कॅल्शियम, पोटॅशियम आणि बाकी पुष्कळ काही असतं. बोअरचं पाणीही थेट वापरू नये. आपल्या ऊसपट्ट्यात खतांचं नायट्रेट विहिरीत उतरतं, आणि जे बाहेर काढायचं तेच आपण आत ओततो.

पूर्वी दर रविवारी १०५ लिटर पाणी मी बदलत होते. सात बादल्या बाहेर, सात बादल्या आत, आणि फरशी खारट चिकट. आता यंत्र रोज पंधरा लिटर बदलतं. आठवड्याची बेरीज तीच. मुलगा म्हणाला, रोज थोडं थोडं काढलं तर नव्यातलंही थोडं निघून जातं, म्हणजे तोटाच की. म्हणणं खरं होतं. आमटी खारट झाली की पळीभर काढून पळीभर पाणी घालतो, तेव्हा दुसऱ्या पळीत आपण घातलेलं पाणीही थोडं येतंच. पण हिशेब मांडून बघा. आठवड्याला १०५ लिटर बदललं तर चार आठवड्यांत जुनं पाणी साधारण ३६ टक्के जातं. रोज पंधरा लिटर बदललं तर साधारण साडेचौतीस टक्के. फरक एवढाच. उलट रविवारी एकदम बसणारा झटका वाचतो. पालखी माळशिरसला मुक्कामाला असते तेव्हा घरात पन्नास-शंभर माणसं असतात आणि पेटीची आठवण कुणाला राहत नाही. त्या दिवशीही पंधरा लिटर बदलतात. मला यंत्र पटलं ते तेव्हा.

यंत्र म्हणजे एक छोटा रोलर पंप. डायलिसिसच्या मशीनमध्ये फिरते रोळ रक्ताची नळी दाबत दाबत पुढे नेताना कुणी पाहिलं असेल, तसाच. एकाच मोटरला दोन तोंडं असतात. एक नळी पेटीतलं पाणी बाहेर काढते, दुसरी पिंपातलं नवं खारं पाणी आत आणते. मोटर एकच असल्यानं वीज गेली की दोन्ही एकदम थांबतात. नळी कायम रोळाखाली दाबलेली राहते, त्यामुळे पंप बंद असताना पाणी आपोआप वाहत नाही. पाण्यात बुडवायचा साधा पंप वापरला तर वीज गेल्यावर पाइप शेतातल्या सायफनसारखा चालू राहतो आणि पेटी रिकामी करून घर भरतो. एकच नियम लक्षात ठेवायचा असेल तर हा ठेवा: पाणी काढणाऱ्या नळीचं तोंड गाळणीच्या टाकीत जितकं वर ठेवता येईल तितकं ठेवा. काही बिघडलं तरी त्या पातळीच्या खाली पाणी जाणार नाही.

आता घोळ कुठे होतो ते सांगते. पेटीला दुसरंही एक यंत्र असतं. वाफेनं उडालेलं पाणी भरून काढणारं. पाण्याची वाफ होते, मिठाची होत नाही, म्हणून ही भर गोड्या पाण्यानं घालायची असते. आपल्या उन्हाळ्यात आमच्या पेटीतून दिवसाला दहा लिटर सहज उडतात. तरंगता गोळा खाली गेला की हे यंत्र गोडं पाणी सोडतं. पाणी का कमी झालं, हे त्याला कळत नाही. वाफ झाली तरी ते भरतं आणि कुणी खारं पाणी काढलं तरीही ते गोडंच भरतं.

आमच्याकडे बाहेर काढणारी नळी झिजली म्हणून आम्ही तेवढीच बदलली. नवी नळी पंधरा लिटर काढत होती, जुनी तेरा आणत होती. दोन लिटरची खोट गोड्या पाण्याचं यंत्र रोज गुपचूप भरत होतं. पेटीत पाणी काठोकाठ, सगळं ठीक दिसत होतं. सुरुवातीला रोज सत्तर ग्रॅम, म्हणजे मूठभर मीठ पेटीतून जात होतं. तीन महिन्यांनी गोगलगायी काचेवरून गळून पडायला लागल्या आणि प्रवाळं मिटली. तेव्हा मोजलं तर ३५ च्या जागी साधारण साडेएकतीस. यंत्र आल्यावर आम्ही मोजणंच सोडलं होतं. पुन्हा ३५ वर आणायला दोन आठवडे घेतले, कारण हे एकदम चढवणंही मारकच. निम्म्या गोगलगायी गेल्या.

मोजायचं कशानं? उसाचा ब्रिक्स बघायला शेतावर रिफ्रॅक्टोमीटर आणतात ना, तसलाच, पण आत मिठाची पट्टी असलेला. उसाचा इथं चालत नाही, आकडे वेगळे असतात. दर रविवारी एक थेंब आणि कॅलेंडरवर एक आकडा. महिन्यातून एकदा दोन्ही नळ्या मापाच्या भांड्यात पाच मिनिटं चालवून पाणी सारखं येतं का बघायचं. नळ्या बदलायच्या त्या जोडीनंच. पाणी बदलत असताना गोड्या पाण्याचं यंत्र बंद राहील अशी जोडणी करून घ्या. खाऱ्या पिंपात एक तरंगता गोळा बसवा, म्हणजे पिंप संपलं की दोन्ही तोंडं थांबतील. नाहीतर एक नळी हवा ओढते आणि दुसरी पाणी काढतच राहते. गोड्या पाण्याची टाकी मुद्दाम लहान ठेवा. आमची पंचवीस लिटरची आहे. गोळा अडकला तरी पंचवीस लिटरच्या वर नुकसान होत नाही. फिरत्या चकतीचा टायमर नको, कारण वीज गेली की तोही थांबतो आणि दुपारचं काम मध्यरात्रीवर जातं. आत सेल असलेला घ्या. आणि तळाची घाण यंत्र काढत नाही, ती नळी घेऊन हातानंच काढावी लागते.

इथपर्यंतचं दुकानदारही सांगतो. पुढचं तो सांगत नाही.

रोज पंधरा लिटर बदलायला आणि दहा लिटर वाफेला, असं पंचवीस लिटर आरओचं पाणी लागतं. घरगुती आरओ एक लिटर देताना दोन-तीन लिटर बाहेर टाकतो. म्हणजे एका पेटीला रोज पाऊणशे ते शंभर लिटर पाणी. जलजीवन मिशनमध्ये गावातल्या माणसामागे रोजचं ५५ लिटर पाणी धरलेलं आहे. नीरा उजव्या कालव्याच्या पट्ट्यात हे कुणाला जाणवणार नाही, पण कालवा जिथं पोचत नाही तिथल्या बाईला हा आकडा सांगायची मला लाज वाटते. आमच्याकडे आरओचं टाकाऊ पाणी पिंपात धरतो. फरशी, भांडी, संडास सगळं त्यावर होतं. तेवढं तरी नव्यानं लागत नाही.

आणि काढलेलं खारं पाणी? लोक परसात ओततात, शोषखड्ड्यात सोडतात. रोज पंधरा लिटर म्हणजे वर्षाला जवळजवळ १९० किलो मीठ, पन्नास किलोची चार पोती म्हणा. आपल्याकडे चांगल्या काळ्या जमिनी जास्त पाण्यानं क्षारपड झालेल्या आपण डोळ्यांनी बघतो. एकदा चोपण झाली की जमिनीवर काही येत नाही. शोषखड्ड्यातलं मीठ शेजारच्या बोअरमध्ये निघणार. सेप्टिक टाकीत रोज सोडलं तर तिथले जिवाणू मरगळतात. माणगंगेत नाही, नीरेत नाही, गुरांच्या हौदात तर नाहीच नाही.

आम्ही गच्चीवर विटांचा वीतभर उंच वाफा केलाय, दहा फूट बाय दहा फूट, आत जाड काळा प्लास्टिक कागद. पाणी काढणारी नळी एका पिंपात पडते, पिंप भरलं की छोट्या पंपानं वर चढवतो. उन्हाळ्यात आपल्याकडे उघड्यावरचं पाणी दिवसाला सेंटिमीटरभर सहज आटतं. वाफा शंभर चौरस फुटांचा असल्यानं सेंटिमीटरभर म्हणजे नव्वद लिटर. त्यामुळे पंधरा लिटर कधी वाळले ते कळतही नाही. पाणी घट्ट खारं झालं की वेग मंदावतो, तरी पुरतं. पावसाळ्यात वर पत्रे टाकतो आणि पाणी पिंपांत साठवतो, उघडीप मिळाली की पुन्हा वर. वाळलेलं मीठ खुरप्यानं खरवडून गोणीत भरायचं आणि कचरागाडीला द्यायचं. ते खायचं नाही, जनावरांना चाटायला ठेवायचं नाही आणि तण मारायला बांधावरही टाकायचं नाही.

ज्यांना नवी पेटी घ्यायची आहे त्यांना माझा सल्ला वेगळा आहे. हजार लिटरची घेऊच नका, दोनशेची घ्या. मासे थोडे ठेवा, खाणं कमी घाला, म्हणजे नायट्रेटच कमी होतं आणि बदलायचं पाणीही. प्रवाळाला २४ ते २७ अंश लागतात आणि आपला मे महिना चाळिशीच्या वर. पाणी थंड ठेवणारं चिलर मोठ्या पेटीला मोठं लागतं, आणि त्याचं वीजबिल पाण्याच्या बिलाच्या कितीतरी वर जातं. दोनशे लिटरला रोजचे तीन लिटर पुरतात. ते बाटलीनं काढून बाटलीनं घातले तरी पाच मिनिटांचं काम आहे, आणि घरातला कुणीही करू शकतो. आमच्याकडे रविवारचं मोजणं आणि गच्चीवरचं खरवडणं आता मुलाकडे दिलंय. कॅलेंडरवरचा आकडा मात्र मी अजून बघते. मागच्या रविवारी ३५ होता.