पाहुणे रोग (लेखांक ६) : भुंगेऱ्याच्या जबड्यातून आलेली मर

गेल्या आठवड्यात आपण ॲव्होकॅडोची मुळं कुजवणारी फायटोफ्थोरा पाहिली. विदर्भातल्या संत्रा बागायतदारांना हे कुळ डिंक्या रोगामुळे चांगलंच ठाऊक आहे. आज ॲव्होकॅडोचाच दुसरा वैरी पाहू : लॉरेल मर.

२००२ साली अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्यात, सव्हाना बंदराला लागून असलेल्या पोर्ट वेंटवर्थमध्ये, किडींच्या पाहणीसाठी लावलेल्या सापळ्यात एक अनोळखी भुंगेरा सापडला. लांबी जेमतेम दोन मिलिमीटर. मूळ घर भारत, म्यानमार, तैवान, जपान असा आशियाचा पट्टा. मालाबरोबर आलेल्या लाकडी खोक्यांतून तो पोचला असावा, असं मानलं जातं. हा भुंगेरा लाकूड खात नाही. खोडात बोगदे कोरून तो त्यांत बुरशी वाढवतो आणि तीच खातो. तिचं बियाणं तो जबड्याजवळच्या लहानशा पिशव्यांत बाळगतो. त्याच पिशव्यांतून मरीची बुरशी अमेरिकेत उतरली.

आशियात हा भुंगेरा सहसा आजारी किंवा मेलेल्या लाकडावरच जगतो. अमेरिकेत मात्र त्याने धडधाकट रेडबे वृक्ष धरले. या बुरशीशी तिथल्या झाडांची कधी गाठ पडली नव्हती. तिला अडवण्याच्या धडपडीत झाड स्वतःच्याच जलवाहिन्या बुजवून टाकतं आणि पायाशी ओल असताना पाण्यावाचून वाळतं. अंदाजे ३० कोटी रेडबे वृक्ष असे गेले. ॲव्होकॅडो रेडबेच्याच कुळातला. आपली दालचिनी आणि तमालपत्रही याच कुळातली. २०१२ मध्ये मर दक्षिण फ्लोरिडातल्या मायामी-डेड परगण्याच्या ॲव्होकॅडो बागांत शिरली.

तिथे तिने वाहन बदललं. बागांमध्ये मूळ आशियाई भुंगेरा फारसा आढळत नाही. खोड कोरणाऱ्या इतर जातींच्या भुंगेऱ्यांनी ही बुरशी उचलली आहे. शेजारच्या झाडांची मुळं जमिनीत एकमेकांना जुळलेली असतात, त्या वाटेनेही ती पसरते. लागण झालेलं झाड काही आठवड्यांत मरतं. त्यामुळे पानं मलूल होताच झाड मुळासकट उपटून नष्ट करणं, हाच मुख्य उपाय उरतो. पानं कोमेजण्याआधीच रोग हुंगून ओळखणारी कुत्रीही तिथे तयार केली गेली आहेत.

यात हवामानाचा वाटा कोणता? या दुसऱ्या जातींचे भुंगेरे ताणाखालच्या झाडांकडे ओढले जातात. वादळाने फांद्या मोडल्या, पुराचं पाणी बुंध्याशी साचलं, की झाडावर ताण येतो आणि त्याचा वास हवेत पसरतो. तापत्या समुद्रामुळे चक्रीवादळांचा पाऊस आणि जोर वाढतो आहे. म्हणजे असे घायाळ वृक्षही वाढणार. दुसरीकडे, कडाक्याची थंडी मूळ भुंगेऱ्याला उत्तरेकडे काहीशी अडवू शकते, पण हिवाळे सौम्य होत आहेत. २०१९ मध्ये ही मर केंटकी आणि टेनेसीत सॅसाफ्रास वृक्षांवर सापडली. एवढा लांबचा पल्ला गाठायला तिला माणसाने इकडून तिकडे नेलेल्या सरपणाचीही मदत होते.

म्हणून मला हे ठासून सांगावंसं वाटतं : रोगाला समुद्र ओलांडून आणतो माणूस, हवामान त्याला बस्तान बसवू देतं. हवामान आवरायला पिढ्या लागतील. लाकडी खोकी तपासणं आजच्या आज आपल्या हातात आहे. आंतरराष्ट्रीय व्यापारातलं खोक्यांचं लाकूड गाभ्यापर्यंत ५६ अंश सेल्सिअसला ३० मिनिटं तापवावं, किंवा मान्य धुरी द्यावी, आणि त्यावर कणसाची खूण उमटवावी, हा नियम २००२ मध्येच मंजूर झाला. त्याच वर्षी भुंगेरा सापळ्यात सापडला. नियम थोडा आधी आला असता, तर कदाचित ते रेडबे वृक्ष आज उभे असते. आता महाराष्ट्रातही काही शेतकरी ॲव्होकॅडो लावत आहेत. त्यांनी परदेशी कलमं चोरवाटेने न आणता विलगीकरणातून आलेलीच घ्यावीत. बागेत पाणी साचू देऊ नये, आणि बाहेरगावचं सरपण बांधावर रचू नये.

पुढच्या लेखांकात : इस्रायल आणि कॅलिफोर्नियातल्या ॲव्होकॅडोंना पोखरणारा दुसरा भुंगेरा आणि त्याची फ्युजेरियम बुरशी.