दहा व्होल्टची डबी

कसारा घाट चढताना जुन्या गाडीवाल्याचा एक डोळा कायम पाण्याच्या मीटरवर असतो. नाशिकच्या एका स्नेह्यांच्या ट्रायम्फ स्पिटफायरमध्ये मी शेजारी बसलो होतो. इगतपुरीच्या अलीकडेच तापमानाचा काटा लाल खुणेला टेकला. थांबलो. या गाडीचं अख्खं नाकच पुढे कलंडतं, तेच बॉनेट. आत वाफ नाही, उकळल्याचा वास नाही. मग लक्ष गेलं पेट्रोलच्या काट्याकडे. टाकी अर्धी, काटा मात्र 'फुल'च्या पलीकडे!

दोन्ही मीटर एकदमच चढले, तर संशय मीटरवर घ्यायचाच नाही. डॅशबोर्डच्या मागे काडेपेटीएवढी पत्र्याची डबी असते, व्होल्टेज स्टॅबिलायझर. आत गरम होऊन वाकणारी द्विधातूची पट्टी. ती वाकली की करंट तुटतो, गार झाली की पुन्हा जुळतो. या उघडझापीतून मीटरना सरासरी दहा व्होल्ट मिळतात. डबीचं अर्थिंग, म्हणजे गाडीच्या पत्र्याशी असलेला जोड, गंजलं की पट्टी तापत नाही, मीटरना थेट बॅटरीचा करंट जातो आणि दोन्ही काटे वर. आमच्याकडे नेमकं हेच झालं होतं. पॉलिश पेपरने जागा घासली, स्क्रू आवळला, काटे जागेवर.

एकच मीटर चुकत असेल, तर शोध वेगळा. हिरवी-काळी वायर टाकीच्या फ्लोटची, हिरवी-निळी इंजिनवरच्या सेन्सरची. स्पीडोमीटरचा या डबीशी संबंध नाही, तो केबलवर फिरतो. त्याचा काटा थरथरला की केबल कोरडी किंवा मुडपलेली असते. हे न बघता मीटरच बदलणारे कारागीर मी पाहिलेत. पैसे जातात, बिघाड राहतो.

डबीच मेली असेल, तर तिच्या जुन्या कवचात ७८१० नावाची तीन पायांची आयसी बसवतात, पण गाडीचं अर्थिंग निगेटिव्ह आहे याची खात्री करूनच. आणि मीटरला हात लावण्याआधी बॅटरीची वायर काढायची.

स्पिटफायर इथे दुर्मीळ, पण तिची थोरली बहीण आपल्या ओळखीची. १९६१ पासून मद्रासला तयार झालेली स्टँडर्ड हेराल्ड. दोघींचं रूप इटलीच्या जोव्हानी मिकेलोत्तींनी रेखलं. १९६२ ची स्पिटफायर उभी राहिली तीच हेराल्डची चेसिस आखूड करून. चार दारांची हेराल्ड तर फक्त भारतातच झाली.

तेव्हा सातपूर-अंबडकडच्या एखाद्या शेडमध्ये हेराल्ड सडत पडली असेल, तर भंगारवाल्याला बोलावण्याआधी तिचा डॅशबोर्ड उतरवून ठेवा. त्या मीटरला अजून गिऱ्हाईक आहे.